वाट्याची तलंग

कोंबडीला मी आयुष्यात कधी लाडानं हाक मारलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई पहिल्यापासूनच हळवी. किन्हवलीच्या पलीकडं आमचं गाव. घरची भातशेती, दारात कोंबड्या कायमच्या. अंडी खायची, थोडी विकायची, पाहुणा आला की एखादी कापायची. कापायचं काम माझंच, कारण आमच्या ह्यांना ते बघवत नाही. कसाऱ्याच्या घाटात रुळांच्या कामावर जन्म काढलेला माणूस, पण घरात कोंबडी धरली की ह्यांना एकदम गोठ्यातलं काम आठवतं.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता कोंबड्यांवर रोग पडला आणि आमचं खुराडं पार रिकामं झालं. अंगणात पाऊल टाकलं की पायात येणारं कोणी उरलं नाही. मला चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं, पण बोलून दाखवायची माझी रीत नाही. धसईला माझी थोरली नणंद असते, आक्का. तिच्या कानावर गेलं. भात कापून झालं तशी ती एक दिवस एसटी बदलत बदलत आली. काखेत एक खुडूक झालेली कोंबडी, म्हणजे अंडी उबवायची लहर आलेली, आणि पिशवीत भुशात गुंडाळून ठेवलेली अंडी.

"वाट्यानं घे गो," म्हणाली. "माझ्याकडं जागा नाय एवढी."

जागा तिच्याकडं भरपूर आहे. पण फुकट दिलेलं मी घेणार नाही हे तिला माहीत, म्हणून ही युक्ती.

वाट्यानं कोंबडी देणं आमच्याकडं जुनं आहे. कोंबडी एकीची, सांभाळ दुसरीचा. पिल्लं मोठी झाली आणि आईनंच त्यांना टोचून दूर हाकललं की वाटणी करायची. कोंबडी मालकिणीकडं परत जाते. पिल्लांतलं एक मालकीण निवडते, मग एक सांभाळणारी, असं आळीपाळीनं. पहिली निवड मालकिणीची. आणि ज्या पिल्लात खोड असेल, लंगडं असेल, काणं असेल, ते वाटणीत धरायचं नाही. ते सांभाळणारीच्या गळ्यात. तुझ्या दारात मोडलं, तूच ठेव, असा हिशोब. कोणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडलेलाही कोणी ऐकला नाही.

नवी जागा, कोंबडी बसते की नाही मला शंका होती. पण बसली. मोरीच्या कोपऱ्यात जुनं टोपलं, त्यात भाताचा पेंढा, आणि त्यावर ती. दिवसातून एकदा उठायची, दाणे खायची, पाणी प्यायची आणि पळत परत जायची. अंडी पायानं आणि चोचीनं फिरवायची, कडेची मधे, मधली कडेला. हे सगळं मी लहानपणापासून बघत आले, पण कधी थांबून बघितलं नव्हतं. त्या वेळी घर रिकामं होतं, हातात काम कमी होतं, म्हणून थांबले. आतून टकटक सुरू झाली तेव्हा ती वरून अगदी हळू बोलायची. आणि आतून उत्तर यायचं. कवच फुटायच्या आधीच मायलेकरांचं बोलणं सुरू होतं. मी कान लावून बसले होते आणि आमचे हे दारातून विचारत होते, भात करपला की काय. करपला होता.

पिल्लं निघाली, अंगणात फिरायला लागली. मी त्यांना तांदळाची कणी टाकायचे. बांधावरच्या वारुळाशी मडकं उपडं घालून ठेवायचे आणि वाळवी भरली की आणून झाडायचे. वाळवी दिसली की पिल्लं वेडी होतात. अशाच एका सकाळी मी मडकं झाडत होते आणि घार आली.

घारीची सावली आधी येते. आई ओरडली, पिल्लं पांगली, काही वईखाली, म्हणजे बांबूच्या कुंपणाखाली घुसली, काही पेंढ्याच्या भाऱ्यात. एक उघड्यावर राहिलं. घारीनं ते उचललं. तेवढ्यात ही कोंबडी, जिला धड कौलावर चढता येत नाही, ती सरळ वर उडाली आणि घारीच्या अंगावर गेली. मी स्वतः बघितलं म्हणून सांगते, कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, फेकू नको. पिसं उडाली, घार डगमगली, आणि पिल्लू तिच्या पायातून सुटलं. ते कुंपणापेक्षा उंचावरून खाली पडलं, वाफ्याच्या दगडावर.

उचललं तेव्हा जिवंत होतं. छाती अशी धडधडत होती की माझ्याच तळहातात ठोके पडत होते. उजवा पाय मात्र नुसता लोंबत होता. बोटांच्या वरची, बारीक काडीसारखी नळी मोडली होती.

खरं सांगायचं तर अशा पिल्लाचं काय करतात ते मला माहीत होतं, आणि केलंही होतं मी पूर्वी. मान पिरगळायला एक क्षण लागतो. मी त्याला धरलं, आणि तेवढ्यात त्यानं डोळे मिटले. माणसाची वरची पापणी खाली येते. पिल्लाची खालची पापणी वर चढते. पातळ, करडी, एखादा पडदा खालून वर ओढावा तशी. पन्नाशी उलटलेली बाई मी, इतक्या कोंबड्या या हातातून गेल्या, आणि हे मला तोवर दिसलं नव्हतं. ते मरायच्या भीतीनं डोळे मिटत नव्हतं. हाताची ऊब लागली म्हणून झोपत होतं. माझ्याच्यानं पुढं काही झालं नाही.

"ह्याला वाचवायचं," मी आत जाऊन म्हटलं.

"कोण, तू?" आमचे हे म्हणाले. त्यांना वाटलं मी थट्टा करते.

मग आम्ही दोघं कामाला लागलो, आणि काम अगदी आमच्या पद्धतीनं बिघडवलं. आमच्याकडं काही मुरगळलं, सुजलं, मोडलं की एकच औषध, हळद आणि चुना. ह्यांनी बांबूचं कांबीट तासून तासून काडेपेटीच्या काडीएवढं केलं. मी हळद-चुना कालवून कोमट लेप केला, पायाला दाबून लावला, कांबीट ठेवलं, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. लेप नेहमीप्रमाणे लालभडक झाला. हळदीत चुना पडला की ती रक्तासारखी लाल होते, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी खूश होऊन पिल्लू त्याच्या आईजवळ नेऊन ठेवलं.

भावंडं त्याच्यावर तुटून पडली. सगळीच्या सगळी त्या पायाला टोचायला लागली. पिल्लू किंचाळत होतं, पळता येत नव्हतं. आणि मला कोणाचा राग आला असेल तर त्या आईचा. ज्या पिल्लासाठी घारीशी भांडली, त्याच्याच पायाला तीही टोचा मारत होती. मी तिला फडक्यानं हाकललं. "काय गो आई तू," मी तिला म्हटलं, "लंगडं झालं म्हणून नको झालं काय?" आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहीत नाही.

ह्यांनी तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. माझ्या मते हा आचरटपणा होता, कोंबडीच्या पिल्लासाठी डॉक्टर कोण विचारतं. पण त्या भल्या माणसानं नीट ऐकून घेतलं. त्यांनी एवढंच विचारलं, पायाला काही लाल लावलंय का. कोंबड्यांना लाल दिसलं की त्या टोचतात, त्यांना ते रक्त वाटतं, जखम वाटते. लेप धुऊन टाका, पाय कोरडा करा, पट्टी सैल बांधा, बोटं गार पडत नाहीत ना ते बघत राहा, आणि थोडे दिवस वेगळं ठेवा.

फोन झाल्यावर मी चुलीपुढं बसले. जन्मभर हळद-चुना लाल होताना बघितला आणि जन्मभर कोंबड्या लाल मिरचीच्या सालीवर धावताना बघितल्या. दोन्ही माझ्याच घरात, माझ्याच अंगणात. एकाला एक लावायची अक्कल झाली नाही. मग उठले, लेप धुतला, आणि त्या कोंबडीला कणी जास्त टाकली. तिची माफी मागायची ती एकच रीत मला येत होती.

पिल्लू डालग्यात ठेवलं. डालगं म्हणजे बांबूची फटीफटीची टोपली, कोंबड्या झाकायची. दिवसा ते अंगणातच ठेवायचे, म्हणजे त्याला बाकीच्यांचं बोलणं ऐकू येईल. पहिल्याच दिवशी ऊन कलल्यावर मी डालगं उचलायला गेले तर कोंबडी त्याला टेकून बसलेली. खुराडं सोडून, बाहेर, उघड्यावर. बाकीची पिल्लं तिच्या पंखाखाली, आणि एक बाजू तिनं डालग्याला घट्ट लावलेली. आतलं पिल्लू त्याच बाजूच्या कामट्यांना चिकटून झोपलं होतं. फटींतून तिची पिसं आत गेली होती. मी हात घालून बघितला, तो भाग उबदार होता. आदल्या दिवशी मी तिला काय काय बोलले होते ते आठवून मला लाज वाटली. डालगं तसंच राहू दिलं, आणि अंधार पडल्यावर दोघांनी मिळून सगळं बिऱ्हाड, आई, पिल्लं, डालगं, आत उचलून आणलं.

आता पायाचं सांगते. कोंबडीचा पाय दुमडला की तिची बोटं आपोआप मिटतात. हे मला पट्टी बांधताना कळलं. चांगला पाय हलकेच वर दुमडला की बोटं माझ्या करंगळीभोवती मिटायची. पिल्लू झोपेत असलं तरी मिटायची. म्हणूनच झाडावर झोपलेलं पाखरू पडत नाही. ते धरून बसत नाही, बसलं की धरलंच जातं. कोणी केली असेल ही व्यवस्था, मी किती वेळा मनात म्हटलं. देवळात मी सणासुदीला जाते, हात जोडते, आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागते. पण त्या करंगळीवर मिटणाऱ्या बोटांपुढं मला खरोखर हात जोडावेसे वाटले.

मोडलेल्या पायाची बोटं मिटत नव्हती. दुमडला तरी तशीच पसरलेली, सुजलेली. मी रोज सकाळी चहाच्या आधी बघायचे. पाय वर, करंगळी मधे. काही नाही. हे माझ्याकडं बघायचे आणि मी मान हलवायची. हळूहळू सूज उतरली, बोटं नेहमीच्या रंगाची झाली, पण मिटेनात. पाय गेला, असं मी मनाशी धरलं. आणि एका सकाळी, मी नळाचं पाणी चालू सोडून आले होते म्हणून घाईघाईनं पाय दुमडला, तर काहीतरी लागलं. अगदी हलकं. नखाचं टोक करंगळीला टेकलं, मग दुसरं, आणि मग ती सगळी बोटं मिटली. तिथंच मी बसून राहिले. मोरीत बादली भरून वाहत होती, हे ओरडत होते, पाणी गेलं, पाणी गेलं. मी उठले नाही. रुळाची दुरुस्ती करायची तर माणसं लागतात, अवजारं लागतात. इथं कोणी काही केलं नव्हतं. आम्ही एक काडी बांधली होती, बस. त्या काडीच्या आत, कातडीखाली, दोन्ही टोकं एकमेकांकडं सरकली होती आणि धरली गेली होती.

पुढं ते चालायला शिकलं तेही मी बघितलं. शिकवणारं कोणी नव्हतं. आधी पंख जमिनीला टेकवून त्याची कुबडी केली. मग एका पायावर उड्या. पडायचं, उठायचं, पडायचं, आणि पडल्या पडल्या तिथला किडा खाऊन घ्यायचं, वेळ फुकट घालवायचा नाही. चिंधी सोडली तेव्हा पाय बारीक झाला होता. त्यानं तो उचलून धरला, ठेवला, उचलला. मग एकदा ठेवून त्यावर भार टाकला. मी वईशी उभी होते. माझ्या तोंडून फक्त "बया" एवढंच निघालं.

होता होता त्याची मान लांब झाली, तुरा मात्र वाढेना. ती तलंग निघाली. अंड्यावर यायच्या आधीची कोवळी कोंबडी म्हणजे तलंग. बाकीच्यांत कोंबडेच जास्त, मधे एखाद-दोन तलंगा, आणि त्यांत हीच अंगानं भरलेली, तांबूस, पाठीवर काळे शिंतोडे असलेली. लंगडायची. थोडंसंच, पण लंगडायची.

आक्काला मी फोनवर सांगून ठेवलं होतं, एक पिल्लू घारीनं लंगडं केलं. ती म्हणाली, "मंग ती तुलाच गो. रीतच हाय." मी हो म्हटलं आणि मला इतकं बरं वाटलं की माझंच मला नवल वाटलं. मला ती तलंग हवी होती. कापायला नको, अंड्यांना नको. ती माझ्या अंगणात चालताना बघायला हवी होती.

पण ती बरी होत चालली. दर आठवड्याला लंगडणं कमी. दुपारी सावलीत बसून मी बघायचे आणि माझं मन दोन्हीकडं ओढायचं. पाऊल नीट पडलं की आनंद व्हायचा, आणि लगेच धास्ती वाटायची. नीट चालायला लागली की ती वाटणीत जाणार. आणि पहिली निवड आक्काची. आक्काला कोंबडीची पारख अशी की धसईच्या बाजारात बाया तिला सोबत नेतात. ती हीच उचलणार, दुसरी कशाला उचलेल.

"जरा लंगड की गो," मी एकदा तिला म्हटलं. "तुझं काय जातं?"

ती उडून वईच्या बांबूवर जाऊन बसली.

"तुला एवढी पायजे तर आक्काला सांग," हे म्हणाले. "ती काय नाय बोलंल?"

"मी कशाला तोंड वेंगाडू?"

"बहीण हाय ती माझी. मी सांगू?"

"सांगून बघा," मी म्हटलं. हे गोठ्याकडं निघून गेले. माझा स्वभाव त्यांना माहीत आहे. मागून घेतलेलं मला गोड लागत नाही, आणि त्यापायी मी पुष्कळ गोष्टींना मुकले आहे, तरी खोड जात नाही.

कोंबडीनं पिल्लांना हाकललं. काल पंखाखाली घेणारी आज टोचून लांब काढते, तेही बघण्यासारखं. तिचं काम झालं, तिनं हात धुतले. होळीच्या आधी आक्काचा फोन आला, येते म्हणून. त्या दिवसापासून मला जेवण जाईना.

आक्का सकाळच्या गाडीनं आली. बरोबर पिशवी, सुतळी, आणि माझ्यासाठी वालाच्या शेंगा. मी सगळी पिल्लं डालग्याखाली झाकून ठेवली होती. चहा झाला. मी डालगं उचललं, सगळी बाहेर पडली, आणि ती नेहमीप्रमाणे सरळ वईवर जाऊन बसली. वईवर ऊन होतं, तिला बरं वाटलं असणार. तिनं एक पाय पोटाखाली ओढून घेतला, पिसं फुगवली आणि एका पायावर उभी राहिली.

"लंगडी कुठली गो?" आक्कानं विचारलं. "ती बाजूला काढ, म्हंजे बाकीच्या वाटू."

मी वईकडं बोट केलं.

आक्कानं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग परत वईकडं.

"ती?"

"ती."

"मला येडी समजतस काय गो?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. तेच जास्त लागलं. "सगळ्यांत बरी तलंग, आणि ती लंगडी? तुला पायजे तर तसं बोल. खोटं कशाला?"

मला आक्कानं आजवर कधी खोटी म्हटलं नव्हतं. मी रागानं उठले. हे मधे काहीतरी बोलणार होते, त्यांनाही मी हातानं थांबवलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझं लक्ष त्या तलंगेकडं नीट गेलं. तिनं पोटाखाली घेतला होता तो डावा पाय. चांगला. ती उभी होती ती उजव्यावर. मोडलेल्या. सगळं अंग त्या एका नळीवर टाकून, डोळे अर्धे मिटून, वाऱ्यावर जराही न हलता उभी होती. माझा राग कुठच्या कुठं गेला.

मी जाऊन तिला धरलं. ती धरू देते मला. आणून आक्काच्या मांडीवर ठेवली आणि आक्काचं बोट घेऊन तिच्या उजव्या पायाच्या नळीवर टेकवलं. खवल्यांखाली, मधोमध, हाडाला एक गाठ आहे. बाहेरून दिसत नाही. बोटालाच लागते.

आक्काचं बोट तिथं थांबलं. मग वर गेलं, खाली आलं, परत गाठीवर थांबलं. मग तिनं दुसरा पाय चाचपला. तो गुळगुळीत. आक्का आयुष्यभर कोंबड्या चाचपत आली, तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"पार तुटला व्हता?" तिनं विचारलं.

"लोंबत होता."

"आणि हा आपल्या आपण..." गाठीवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "चुकलं गो माझं. तुला बोलले ते."

"राहू द्या, आक्का."

"तुझीच हाय ती. मोडलेली व्हती ना? रीतीनं तुझी. ठेव."

हे माझ्याकडं बघून हसले. झालं एकदाचं, असं त्यांच्या तोंडावर होतं. मलाही हेच हवं होतं, इतके दिवस याच्यासाठीच तर जीव टांगणीला लागला होता. फक्त हो म्हणायचं होतं. पण हो म्हणायचं म्हणजे तिला लंगडी म्हणायचं. खोड असलेली, वाटणीत न धरण्यासारखी, सांभाळणारीच्या गळ्यात पडलेली. आणि ती तर आत्ताच त्या पायावर उभी राहिलेली मी बघितली होती. माझ्या जिभेवर तो शब्द येईना.

"नाय आक्का," मी म्हटलं. "ती लंगडी नाय. वाटणीत धरा."

"येडी हायस काय?" हे म्हणाले.

"धरा वाटणीत," मी परत म्हटलं.

आक्का माझ्याकडं बघत राहिली. तिनं आग्रह केला नाही. तिला मी कळते. "मंग पहिली निवड माझी," ती म्हणाली. "आणि मी हीच घेनार. दुसरी घेतली तर ती दया झाली."

"हीच घ्या," मी म्हटलं.

मग बाकीची वाटणी झाली. माझ्या वाट्याला काय आलं ते तेव्हा मी धड बघितलंही नाही. एक तलंग आली, कोंबडे आले. आक्कानं सुतळी काढली. आमच्याकडं कोंबड्या न्यायच्या म्हणजे दोन्ही पाय एकत्र बांधायचे, आणि उलट्या धरायच्या नाहीतर पिशवीत घालायच्या. असंच नेतात, मीही असंच नेत आले. आक्कानं आईचे पाय बांधले, बाकीच्यांचे बांधले, एकेक पिशवीत घातली. शेवटी तिनं त्या तलंगेला उचललं, सुतळी दातात धरली, दोन्ही पाय एका मुठीत घेतले. मी तोंड फिरवलं. सांगणार काहीच नव्हते, तिची होती आता ती.

बराच वेळ काही आवाज आला नाही. मी वळून बघितलं तर आक्कानं सुतळी दातातून काढली होती आणि खाली टाकली होती. तलंग तिच्या काखेत होती, आणि आक्काचा एक तळहात खालून तिच्या पायांना लावलेला. पदर तिच्या अंगावर ओढून घेतलेला.

"अशीच नेते," ती म्हणाली.

आम्ही फाट्यावर गेलो. पिशव्या ह्यांच्या हातात, माझे हात रिकामे. गाडी आली. आक्का खिडकीशी बसली आणि तलंग तिच्या मांडीवर. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलंही नाही. कंडक्टरनं बेल मारली तेव्हा आक्कानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"खुराड्यात हिला बसायला बांबू खाली बांधू ना गो? पायाला तरास नको."

"नको," मी म्हटलं. गाडी हलली होती, मला जरा पळावं लागलं. "उंच बांधा, आक्का. जमतं तिला."